बरें झाल्यानंतरचें दुखणें

देवी, गोंवर, मुदतीचा ताप असल्या दुखण्यांच्या सहवासांत आपल्या कित्येक पिढ्या गेल्यामुळें दुखण्यासंबंधानें आपल्या मनाची एक ठराविक समजूत होऊन बसली आहे. दुखणें येतें, चढतें, उतरतें आणि जातें. तें गेलें म्हणजे मनुष्य चार दिवस पथ्यपाणी करतो व पुन्हां कामाला लागतो. महारोगाला मात्र या समजुतींत कधींच जागा मिळाली नाहीं. तो एकदां आला म्हणजे जात नाहीं, अशी शेंकडों वर्षांची खात्री होती. नव्या औषधांनीं ती खात्री खोटी ठरविली, तेव्हां आपण एकदम दुसऱ्या टोंकाला जाऊन बसलों आणि म्हणूं लागलों कीं, गोळ्या घेतल्या, रोग गेला, गोष्ट संपली. या दोन समजुतींच्या मध्यें रोग्याची एक तिसरी अवस्था असते. रोगाचे जंतु मेलेले आहेत, औषध पुरें झालें आहे, आणि तरीहि मनुष्य तापानें फणफणत अंथरुणावर पडला आहे, अशी ती अवस्था. तिची ओळख पुष्कळ सुशिक्षित घरांतूनहि नसते; आणि ती नसल्यामुळें होणारें नुकसान रोगाच्या नुकसानीहून कांहीं कमी नसतें, असें आमच्या पाहण्यांत आलें आहे.

आम्ही राहतों तें कंधार गांव जुनें आहे. राष्ट्रकूटांच्या काळचें त्याचें वैभव शिलालेखांतून वाचावयास मिळतें. खंदकानें वेढलेला किल्ला, जगत्तुंग समुद्र या भारदस्त नांवाचा तलाव, हाजी सय्याह यांचा दर्गा, हीं पाहण्यास बाहेरगांवचे लोक येतात. जवळच मानसपुरी येथें क्षेत्रपालाच्या एका प्रचंड मूर्तीचे तुकडे सांपडले आहेत. त्यांचा आकार पाहून मनुष्य थक्क होतो. भंगलेल्या दगडाकडे एवढ्या कौतुकानें पाहणारे पुष्कळ लोक जिवंत माणसाचीं आंखूड झालेलीं बोटें दिसलीं कीं मान फिरवितात. तीं बोटें 'झडलीं' असें ते म्हणतात. पण बोटें झडत नसतात. मज्जातंतु निकामी होऊन हात बधिर झाला म्हणजे चुलीवरचें भांडें भाजत असतां कळत नाहीं, विळीनें कापलें तें कळत नाहीं, आणि जखमा चिघळून बोटें झिजत जातात. एवढी साधी गोष्टहि आपल्या बोलण्यांत चुकीची शिरलेली आहे. मग जी गोष्ट डोळ्यांना अशी उघड दिसत नाहीं, तिच्याविषयीं चुकीची समजूत असल्यास नवल काय?

आमच्या आळींत एक शिंपी राहतात. आमच्या घरचे सदरे-परकर गेलीं वीस वर्षें त्यांच्याच हातचे. कांहीं वर्षांपूर्वीं त्यांच्या कानाच्या पाळ्या जाड झाल्या, भुंवया विरळ झाल्या, व कपाळावर आणि पाठीवर तुकतुकीत उंचवटे दिसूं लागले. सरकारी दवाखान्यांत तपासणी होऊन महारोगाचें निदान झालें आणि बारा महिन्यांच्या गोळ्या सुरू झाल्या. गोळ्यांच्या पाकिटांवर तारीख घालून त्यांनीं त्या एकहि दिवस न चुकवितां घेतल्या. त्यांतल्या एका औषधानें कातडीचा रंग काळसर-तांबूस होतो, तोहि त्यांनीं सोसला. वर्ष पुरें झालें त्या दिवशीं ते पेढे घेऊन आमच्याकडे आले होते.

पुढें पांच-सहा महिन्यांनीं एके दिवशीं त्यांचें दुकान बंद दिसलें. घरीं गेलों तों भर उन्हाळ्यांत ते घोंगडी पांघरून पडले होते. हातांवर, पिंढऱ्यांवर आणि चेहऱ्यावर लालभडक गांठी उठलेल्या. बोट लागलें तरी ते कळवळत. घोटे व मनगटें सुजलेलीं. "गुरुजी, गोळ्या संपल्या तवा सुटलो म्हणलं होतं. आता हे काय उठलंय बगा," एवढेंच ते बोलले. त्यांची बायको दाराआड उभी होती. ती म्हणाली, "आख्खी गल्ली म्हणायलीय, उलटलं म्हणून."

'उलटलें' हा तो शब्द. मुदतीचा ताप उलटतो, माणूस त्यांतून पुन्हां उठतोहि; परंतु महारोग उलटला म्हणजे गांवाच्या लेखीं मनुष्य संपला. त्या आठ-पंधरा दिवसांत शिंप्यांच्या दुकानीं शिवावयास टाकलेलें कापड लोकांनीं परत नेलें. त्यांच्या मुलीची सोयरीक ठरत आली होती, ती पुढें सरकेना. दया करणारे लोकहि होते. कोणी भाकरी पाठविली, कोणी पैसे देऊं केले. पण त्यांतहि, आतां हा मनुष्य कायमचा गेला, हेंच गृहीत धरलेलें होतें. गांवांतील एका डॉक्टरनें विषमज्वर म्हणून औषध दिलें. दुसऱ्यानें, गोळ्यांची उष्णता अंगांत राहिली, असें सांगितलें. एका आप्तानें जुन्याच गोळ्या पुन्हां सुरू करण्याचा आग्रह धरला. शेंवटीं पन्नासेक किलोमीटरवरच्या नांदेडास नेल्यावर तेथील एका त्वचारोगतज्ज्ञांनीं गांठी पाहतांच सांगितलें कीं, रोग उलटलेला नाहीं; ही रिॲक्शन आहे. तो शब्द आम्हीं त्या दिवशीं नीट समजून घेतला, व पुढें त्याविषयीं मिळेल तें वाचलें. वाचकांनाहि तें ठाऊक असावें असें वाटतें.

महारोगाचा जंतु नॉर्वेंतील हान्सेन या डॉक्टरनें १८७३ सालीं शोधून काढला. हा जंतु फार मंद. त्याचा स्वभाव विष ओकण्याचा नाहीं. तो शरीरांत शिरून गुपचूप राहतो. पुढें काय होईल हें बव्हंशीं ज्याच्या त्याच्या शरीराच्या प्रतिकारशक्तीवर अवलंबून असतें. कांहीं लोकांचें शरीर जंतूंना ओळखून जोरानें झगडतें. त्यांच्या अंगावर दोन-चार बधिर चट्टे उठतात, पण जंतु थोडे राहतात. कांहींचें शरीर या एका जंतूपुरतें जणूं डोळे मिटून बसतें. तेथें जंतूंची संख्या अब्जावधींनीं वाढते, कातडी जाड होते, गांठी व उंचवटे दिसतात. या दोहोंच्या मध्यें इतर सर्व पायऱ्या आहेत. आमचे शिंपी दुसऱ्या टोंकाचे.

आतां औषधाचें काम पाहा. १९८२ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनें तीन औषधें एकत्र देण्याची जी पद्धत पडली, तिनें जिवंत जंतु फार लवकर मरतात. परंतु मेलेला जंतु म्हणजे नाहींसा झालेला जंतु नव्हे. अब्जावधि जंतूंचीं मढीं कातडींत, मज्जातंतूंत, गांठींत पडून राहतात, व शरीराला तीं उचलून टाकण्यास वर्षेंच्या वर्षें लागतात. ज्या शरीरानें जिवंत जंतूंकडे दुर्लक्ष केलें होतें, तेंच कधीं कधीं या अवशेषांवर एकाएकीं खवळून उठतें. अवशेष आणि त्यांच्याविरुद्ध रक्तांत तयार झालेलीं द्रव्यें यांचीं जाळीं बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींत अडकतात. तेथें पांढऱ्या पेशींची झुंबड उडते. जागा लाल होते, सुजते, दुखते. १९६९ सालीं इंग्लंडांतील संशोधकांनीं या गांठींत अशीं जाळीं दाखवून दिलीं. पुढील संशोधनानें हें प्रकरण याहूनहि गुंतागुंतीचें असल्याचें दिसून आलें आहे. पण मुख्य गोष्ट तीच राहिली. हें भांडण जंतूंनीं मांडलेलें नसून शरीरानें मांडलेलें आहे, आणि तेंहि बहुतेक मेलेल्या शत्रूशीं. नांदेडच्या डॉक्टरांनीं कातडीचा रस कांचेवर घेऊन तपासला, तेव्हां त्यांत जंतु होते. परंतु ते तुटलेले, कणाकणांचे होते. अखंड, धडधाकट असा एकहि नव्हता. 'उलटलें' या शब्दाला इतकें स्वच्छ उत्तर दुसरें असूं शकत नाहीं.

या विकाराला मुराता नांवाच्या जपानी वैद्यानें १९१२ सालीं 'एरिथेमा नोडोसम लेप्रोसम' असें लांबलचक नांव दिलें. वैद्यकांत दुसऱ्या प्रकारची रिॲक्शन असेंहि त्यास म्हणतात. आपण त्याला नुसतें 'प्रकोप' म्हणूं. पहिल्या प्रकारची रिॲक्शन निराळी. तींत जुनेच चट्टे एकदम लाल होऊन फुगतात, मज्जातंतु सुजतो, आणि कांहीं दिवसांत हाताचीं बोटें वांकडीं होऊं शकतात किंवा पाऊल लुळें पडतें. तिलाहि तितकीच तांतडी असते; पण तिचा विचार येथें करीत नाहीं.

आपल्या प्रकोपाचीं लक्षणें अशीं. गांठी नव्या जागीं उठतात. चट्ट्यांचा व त्यांचा संबंध नसतो. एक बार उठतो, कांहीं दिवसांत बसतो, मागें निळसर-काळे डाग राहतात, तोंच दुसरा बार उठतो. वाईट प्रसंगीं गांठींत पू होऊन त्या फुटतात. पण हा कातडीचाच रोग समजणें ही मोठी चूक होय. त्याबरोबर ताप असतो. हाडें, विशेषतः नडगीचीं, ठणकतात. सांधे व बोटें सुजतात. हातापायांवर व तोंडावर सूज येते. काखेंत व जांघेंत अवधाण येतें. कोपराजवळचा, गुडघ्याबाहेरचा मज्जातंतु दुखरा होतो व त्याची शक्ति जाऊं शकते. डोळ्याच्या आंतील पडदा सुजून डोळा लाल होतो, उजेड सोसत नाहीं, नजर अंधुक होते. वेळेवर औषध न पडल्यास अंधत्व येतें. पुरुषांच्या अंडांना सूज येऊन पुढें संततीची आशा मावळूं शकते. मूत्रपिंडालाहि कांहीं वेळां इजा पोंचते. अशा मनुष्याला रात्रभर झोंप नसते, अन्न जात नाहीं, व तो महिन्याभरांत निम्मा होतो.

हें दुखणें किती जणांस होतें? कंधार ज्या निजामी राज्यांत १९४८ पर्यंत होतें त्याची राजधानी हैदराबाद. तेथील ४८१ रोग्यांच्या अकरा वर्षांच्या नोंदी तपासून २००६ सालीं एक निबंध प्रसिद्ध झाला. जंतु अतिशय वाढलेल्या शेंवटच्या वर्गांतील जवळजवळ निम्म्या रोग्यांना, आणि त्याच्या अलीकडच्या वर्गांतील शेंकडा ९ रोग्यांना हा प्रकोप झाल्याचें त्यांत दिसतें. पुष्कळांना तो एकदां होऊन थांबला नाहीं. पुनःपुन्हां होत राहिला. तो औषधाआधींहि होतो, औषध चालूं असतांना होतो, आणि औषध संपल्यावर कित्येक महिन्यांनीं किंवा वर्षांनींहि होतो. दुसरा एखादा ताप, बाळंतपण, मनावरचा ताण असल्या निमित्तानें तो उसळतो. म्हणजे ज्या गोष्टीला गांव अपवादात्मक दुर्दैव समजतें, ती या वर्गाच्या रोग्यांत आधींच सांगून ठेवण्याइतकी नेहमींची आहे. आमच्या शिंप्यांना गोळ्यांचें पहिलें पाकीट हातीं देतांना कोणी एवढें सांगितलें असतें, कीं पुढें असें होण्याचा संभव आहे, तर त्यांचे ते पंधरा दिवस इतके काळे झाले नसते.

पूर्वीच्या वैद्यांनाहि हा प्रकोप चांगला ठाऊक होता. निजामाबादजवळ डिचपल्ली येथें १९१५ सालीं मेथॉडिस्ट मिशननें महारोग्यांचें रुग्णालय उघडलें. इझाबेल केर या स्कॉटिश डॉक्टरबाईंनीं तेथें चौलमुग्रा जातीच्या तेलाचे उपचार केले. तशाच जातीचें कडू कवठीचें तेल आपल्या कोंकणांत होतें, आणि तुवरक या नांवानें त्याचा महिमा सुश्रुतसंहितेंत सांगितलेला आहे. तेलाच्या त्या काळांत प्रकोप म्हणजे शरीर रोगाशीं झगडत असल्याची खूण, असा कित्येक वैद्यांचा समज होता; पोटॅशियम आयोडाइड देऊन मुद्दाम प्रकोप उठविण्याचेहि प्रयोग झाले. शरीर झगडतें हें खरें. परंतु त्या झगड्यांत डोळा जातो आणि हात जातो, हें पाहून तो समज मागें पडला. १९४१ नंतर गंधकयुक्त नवीं औषधें आलीं व महारोग प्रथमच मनुष्याच्या आटोक्यांत आला. जंतु मारण्याची विद्या अशी हातीं आली. पण मेलेल्या जंतूंच्या या भांडणावर इलाज नव्हता.

तो ज्या रीतीनें सांपडला ती गोष्ट विलक्षण आहे. १९५७ सालीं जर्मनींत थॅलिडोमाइड नांवाचें झोंपेचें औषध विक्रीस आलें. गरोदर स्त्रियांनीं तें घेतल्यामुळें हातापायांवांचून मुलें जन्मास येऊं लागलीं. अशीं दहा हजारांवर मुलें जन्मलीं असें मानतात. १९६१ च्या अखेरीस तें जर्मनींत बंद झालें व त्याचें नांव अभद्र ठरलें. पुढें १९६४ सालीं जेरुसलेम येथें याकोब शेस्किन या डॉक्टरकडे प्रकोपानें तळमळणारा एक महारोगी होता. कशानेंच झोंप येईना, म्हणून त्यानें हें टाकून दिलेलें औषध त्यास दिलें. रोग्याला झोंप तर आलीच. पण तीन-चार दिवसांत ताप व गांठीहि नाहींशा होऊं लागल्या. इतरांना देऊन पाहिलें, तोच गुण. आज या प्रकोपावर त्याच्याइतकें लवकर काम करणारें दुसरें औषध क्वचितच असेल. अमेरिकेंत १९९८ सालीं त्यास याच विकारासाठीं परवानगी मिळाली. पण ज्या घरांत मूल होण्याजोगी स्त्री आहे, तेथें त्याची एक गोळीहि चुकीच्या हातीं पडतां कामा नये. म्हणून तें फार कडक देखरेखीखालीं देतात, आणि पुष्कळ रोग्यांच्या वांट्याला तें येतच नाहीं.

मग उरतें तें स्टेरॉइड, म्हणजे प्रेड्निसोलोन. तेंच सर्वत्र वापरतात आणि त्यानें आराम पडतो. आमचे शिंपी तिसऱ्या दिवशीं उठून बसले. परंतु याच औषधाविषयीं घरच्या माणसांनीं सर्वांत अधिक सावध असलें पाहिजे. डोस हळूहळू उतरवीत न्यावा लागतो. उतरवितां उतरवितां प्रकोप पुन्हां डोकें वर काढतो. पुन्हां डोस वाढतो. आणि असें करतां करतां मनुष्य वर्षानुवर्षें त्या गोळ्यांवर राहतो. कांहीं जण तर एकदां गुण आला म्हणून डॉक्टरांना न विचारतां दुकानांतून त्याच गोळ्या आणून खातात. त्यानें रक्तांतील साखर वाढते, हाडें ठिसूळ होतात, डोळ्यांत मोतीबिंदु होतो, चेहरा फुगतो, आणि दबलेला क्षय किंवा दुसरा जंतुदोष उसळतो. उलट, बरेच दिवस घेतलेली गोळी एकदम सोडणेंहि जिवावर बेततें. इथिओपियांतील एका रुग्णालयाच्या नोंदींवरून २०१४ सालीं असें प्रसिद्ध झालें कीं, या प्रकोपाच्या रोग्यांत मृत्यूचें प्रमाण इतर महारोग्यांपेक्षां पुष्कळ अधिक होतें. आणि त्यांत लांबलेल्या स्टेरॉइडचा हात असावा. क्लोफाझिमिन, म्हणजे कातडी काळी करणारी तीच गोळी, मोठ्या डोसांत दिल्यास स्टेरॉइडची गरज कमी होण्यास मदत होते. पण तिला गुण दाखविण्यास आठवडे लागतात. एकंदरींत, सौम्य प्रकोपाला हीं जड शस्त्रें वापरूं नयेत आणि तीव्र प्रकोपाला नुसत्या ताप-दुखीच्या गोळीवर ठेवूं नये, असा हा पेंच आहे.

परंतु सौम्य कोणता आणि तीव्र कोणता, हें ठरवावयाचें कोणीं व कसें? आजवर ज्या त्या डॉक्टरनें तें आपल्या नजरेनें ठरविलें. एकाचा 'बराच त्रास' दुसऱ्याला 'थोडासा' वाटे. अलीकडे भारतासह निरनिराळ्या देशांतील डॉक्टरांनीं एकत्र येऊन यासाठीं एक मोजपट्टी तयार केली. 'एन्लिस्ट' या त्यांच्या मंडळाच्या नांवानें ती ओळखली जाते. तींत दहा सदरें आहेत: रोग्याला स्वतःला वाटणारी वेदना, ताप, गांठींची संख्या, गांठींचा दाह, त्या किती अंगावर पसरल्या, हातापायांची सूज, हाडांचा ठणका, सांध्यांची व बोटांची सूज, अवधाण, आणि मज्जातंतूंचा दुखरेपणा. प्रत्येक सदरास शून्यापासून ३ पर्यंत गुण. उदाहरणार्थ, एक ते दहा गांठींस १, वीसपर्यंत २, त्याहून अधिक असल्यास ३. एकूण ३० पैकीं ८ पर्यंत सौम्य. ९ किंवा अधिक म्हणजे तीव्र.

शाळेंतील गुणपत्रकासारखी ही यादी वाचून प्रथम कोणालाहि हंसूं येईल. माणसाच्या यातनांना का गुण द्यावयाचे असतात? परंतु विचार करूं लागलों तसें या पट्टीचें आम्हांस मोल वाटूं लागलें. तिचें पहिलेंच सदर रोग्याच्या वेदनेचें आहे. एका सरळ रेघेवर रोग्यानें आपल्या हातानें खूण करावयाची असते. ज्या रोगाच्या माणसाकडे लोकांनीं शतकानुशतकें नुसतें पाहिलें, त्याला कांहीं विचारलें नाहीं, त्याच्या तपासणीचा आरंभ 'तुम्हांला किती दुखतें?' या प्रश्नानें व्हावा, ही गोष्ट लहान नव्हे. शिवाय नऊ गुणांचा मनुष्य गेल्या आठवड्यांत चौदांवर होता, हें कागदावर असलें म्हणजे औषध लागूं पडतें आहे कीं नाहीं, हें दुसऱ्या गांवच्या डॉक्टरलाहि कळतें. आणि दोन औषधांची तुलना करावयाची तर दोन्हीकडे माप एकच पाहिजे.

तरी या पट्टीच्याहि मर्यादा ध्यानांत ठेवल्या पाहिजेत. तिच्या दहा सदरांत डोळा नाहीं, अंड नाहीं, मूत्रपिंड नाहीं. अंगावर चारच गांठी असून डोळा लाल झालेला असेल, तर बेरीज थोडी भरेल. पण तो डोळा त्याच दिवशीं डॉक्टरला दाखविला पाहिजे. हातांतील जोर कमी झाला, बटण लागेना, सुई धरवेना, तरीहि तसेंच. बंद पडलेलें दुकान, परत गेलेलें कापड, थांबलेली सोयरीक यांना तर कोणत्याच पट्टींत सदर नाहीं. तें सदर भरणें आपलें, शेजाऱ्यापाजाऱ्यांचें काम आहे.

महाराष्ट्राला महारोग्यांविषयीं करुणेचा तोटा कधींच पडला नाहीं. वर्ध्याजवळ दत्तपूर येथें मनोहर दिवाण यांनीं १९३६ सालीं काम आरंभिलें. अमरावतीस शिवाजीराव पटवर्धनांचें तपोवन, वरोड्यास बाबा आमट्यांचें आनंदवन उभें राहिलें. या नांवांपुढें आपलीं मस्तकें नम्र होतात तें योग्यच आहे. परंतु मोठ्या माणसांच्या सेवेला नमस्कार करून आपण घरीं परततों, तेव्हां आपल्या वांट्याचें काम संपत नाहीं. आश्रमांत राहणारे रोगी थोडे. आपल्या आळींत, आपल्याच शेजारीं, गोळ्या खाऊन आपला धंदा करणारे पुष्कळ. त्यांना दयेपेक्षां बरोबर माहितीचा उपयोग अधिक. २००५ च्या अखेरीस, दहा हजार लोकांमागें एकाहून कमी रोगी, हें प्रमाण देशानें गांठलें व महारोगाचें 'दूरीकरण' झाल्याचें जाहीर झालें. तो शब्द लोकांनीं 'रोग नाहींसा झाला' असा ऐकला. वास्तविक २०२२-२३ या एका वर्षांत देशांत लाखाहून अधिक नवे रोगी नोंदले गेले. आणि ज्यांच्या गोळ्या संपल्या त्यांचीं नांवें यादींतून निघतात. पुढें त्यांना प्रकोप झाला तर ते त्या आंकड्यांत नसतात.

कायद्यानें आपलें पाऊल पुढें टाकलें आहे. महारोग्यांना कोंडून ठेवण्याचा १८९८ चा कायदा २०१६ सालीं रद्द झाला; नवरा किंवा बायको महारोगी म्हणून काडीमोड मागण्याची सवड २०१९ सालीं काढून टाकण्यांत आली. पण मुलीची सोयरीक मोडण्यास कायद्याचें कलम लागत नाहीं. ओट्यावर बसून उच्चारलेला 'उलटलें' हा एक शब्द पुरतो. आमच्या शिंप्यांचा प्रकोप पुढेंहि दोनदां उसळला, व सुमारें दोन वर्षांनीं शमला. कापड हळूहळू परत आलें. मुलीचें लग्नहि झालें, परंतु तें पहिल्या ठिकाणीं नव्हे.

तेव्हां वाचकांना आमचें सांगणें थोडक्यांत इतकेंच. महारोगाचें औषध घेत असलेल्या किंवा घेऊन झालेल्या मनुष्याला ताप येऊन अंगावर दुखऱ्या लाल गांठी उठल्या, तर रोग परत आला असें बोलूं नये. गोळ्या चालूं असतील तर त्या बंद करूं देऊं नयेत. संपल्या असतील तर आपल्या मनानें पुन्हां सुरू करूं देऊं नयेत. हा ताप शेजाऱ्याला लागत नाहीं. त्याच्याजवळ बसावें, त्याला पाणी द्यावें. गोळ्या कोणत्या, केव्हां सुरू झाल्या व केव्हां संपल्या तें कागदावर लिहून त्याला या रोगाची माहिती असलेल्या डॉक्टरकडे त्याच आठवड्यांत न्यावें. डोळा दुखत असेल किंवा हातापायाचा जोर गेला असेल तर त्याच दिवशीं न्यावें. स्टेरॉइडची गोळी डॉक्टरांनीं सांगितली तेवढीच, सांगितली तितकेच दिवस द्यावी, आणि उतरवितांना त्यांच्याच सांगण्यानें उतरवावी. आणि अशा घरीं समाचारास गेलां, तर कुजबुजत 'पुन्हां झालें का हो?' असें न विचारतां, उजेडाकडे पाहतां येतें का, हाताला जोर आहे का, रात्रीं झोंप लागली का, हें त्या माणसालाच विचारावें, आणि तो काय सांगतो तें ऐकून घ्यावें.